किलकेनीचा किल्ला, बाहेरून

किलकेनीला मी तीन दिवस राहिले आणि तिथला किल्ला काही आतून पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर किल्ल्याच्या वर्णनाची वाट बघत शेवटपर्यंत वाचाल आणि मग मला नावं ठेवाल. बाकी त्या गावात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. जुनं कॅथीड्रल आहे, त्याला खेटून दगडी मनोरा आहे, मठ आहेत, चारशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याचं घर आहे. ते सगळं मी पाहिलं. पण आयर्लंडमध्ये 'किलकेनीला जाऊन आले' म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "कॅसल केलंत का?" आणि मी "नाही" म्हटलं की तो माझ्याकडे, आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघता परतलेल्या माणसाकडे बघावं तसा बघतो.

त्याला कारण आहे. २०१९च्या दिवाळीत, पुण्यात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगशेजारी मी आणि माझी मुलगी मनवा किल्ला करत होतो. ती साडेपाच वर्षांची होती. मला डब्लिनच्या नोकरीचं पत्र आलं होतं. जानेवारीत मी पुढे जायचं, आणि एप्रिलमध्ये तिची शाळा संपली की सचिन, म्हणजे माझा नवरा, तिला घेऊन मागून येणार, असं ठरलं होतं. कोपरापर्यंत माती माखलेल्या मनवाने विचारलं, "तिकडे किल्ले असतात का?" मी फोनवर किलकेनीच्या किल्ल्याचा फोटो दाखवला. नदीकाठी हिरवळ, हिरवळीवर गोल बुरूज.

"याला डोंगरच नाहीये," ती म्हणाली. "चुकीचा केलाय." मग जरा वेळाने, "पण मला बघायचाय. माझ्या आधी तू आत जायचं नाही. घे शप्पथ."

मी गळ्याला चिमटीत धरून शप्पथ घेतली.

पुढे काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. विमानं बंद झाली, व्हिसाचं कामकाज बंद झालं, अर्धंमुर्धं उघडलं आणि पुन्हा बंद झालं. एअरपोर्टवर टाटा केलेली मुलगी २०२१चा ऑगस्ट उजाडला तरी मला फोनवरच दिसत होती. डब्लिनमध्ये सँडीफोर्डला माझा एका खोलीचा फ्लॅट आहे. तिथे मी एकोणीस महिने एकटी जेवत होते. सुरुवातीला ताट वाढलं की फोन समोर टेकवून पुण्याला व्हिडिओ लावायचे. एक दिवस मनवा म्हणाली, "आई, तू नुसती जेवतेस." तिचं बरोबरच होतं. मी तरी दुसरं काय करणार होते?

ऑगस्टमध्ये माझी साठलेली रजा संपवायचा हुकूम ऑफिसातून आला. ॲडम्सटाउनला राहणारी प्राजक्ता ही इथली माझी एकुलती एक मैत्रीण. ती म्हणाली, "कुठेतरी जाऊन ये बाई. अशीच राहिलीस तर भिंतीशी बोलायला लागशील." मी भिंतीशी कधीच बोलायला लागले होते, पण ते तिला सांगितलं नाही.

मग किलकेनीच का? तर मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामात खोड काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तोच स्वभावही झालाय. मनवा आल्यावर तिला सगळ्यात आधी किलकेनीला न्यायचं होतं, तेव्हा तिथली सगळी ठिकाणं आधी तपासून ठेवावी, असं ठरवलं. जिना किती चढा आहे, बाथरूम कुठे आहे, ती कुठे रमेल आणि कुठे कंटाळेल, ते एका वहीत लिहायचं आणि प्रत्येक जागेला पास किंवा नापास करायचं. किल्ला मात्र सोडून.

पूल आणि छत्री

स्टेशनवरून गावात जाताना नोर नदीवरचा पूल ओलांडावा लागतो, आणि नेमका त्याच पुलावरून डाव्या हाताला किल्ला पूर्ण दिसतो. लोक तिथे थांबून फोटो काढत होते. बाहेरून बघायला मनवाची बंदी नव्हती, पण बघितल्यावर आत जावंसं वाटणार नाही, अशी मला स्वतःची खात्री नव्हती. पाऊस उजवीकडून येत होता आणि मी छत्री डावीकडे धरून पूल ओलांडला. उजवा खांदा चिंब भिजला. समोरून येणाऱ्या एका बाईने थांबून, मला छत्री धरता येत नसावी अशा काळजीने, "वाऱ्याच्या बाजूला धर, लव्ह," असं समजावून सांगितलं.

ज्या घरी मी खोली घेतली होती त्या घराची मालकीण नोरा, सत्तरीची, एकटी राहणारी. मास्क लावून, दारापासून चार हात लांब उभी राहून तिने स्वागत केलं. माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकून म्हणाली, "जस्ट युवरसेल्फ, इज इट?"

एकटीच का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्या तीन दिवसांत हे वाक्य मी हॉटेलात, तिकिटाच्या खिडकीवर, सगळीकडे ऐकलं. त्या साथीच्या काळात किती जणांचं टेबल, किती जणांचं तिकीट, हे विचारावंच लागायचं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. तरी मला दर वेळी वाईट वाटलं.

मनोरा नापास

शनिवारी सकाळी नाश्त्याला नोराने घरचा ब्राऊन ब्रेड दिला. खरपूस, जड, आतून ओलसर. लोण्याबरोबर तो उत्तम लागतो, पण मी घरून लसणाची चटणी नेली होती, तिच्याबरोबर तो त्याहून उत्तम लागला. नोराने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "ते लाल काय आहे?" मी डबी मधल्या टेबलावर ठेवून मागे सरले, तिने पुढे येऊन चमचाभर घेतली आणि परत जागेवर गेली. मग पेलाभर पाणी प्यायली. डोळे पुसत शेवटी म्हणाली, "लवली," आणि डबी जवळच ठेवून घेतली.

तिथून कॅथीड्रलला गेले. त्याच्या अंगणातला मनोरा हजारेक वर्षांचा असावा. आतून लाकडी शिड्या आहेत, एकीवर एक, इतक्या उभ्या की पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या कपाळाशी येतात. पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. साथीमुळे एका वेळी एकाच कुटुंबाला वर सोडत होते, आणि कुटुंब म्हणजे मीच. वर पोचले तर अख्खं गाव पायाशी पसरलेलं, काळी छपरं, नदी आणि त्या टोकाला तो. छत्री खाली ठेवून आले होते, म्हणून मी पाठ फिरवून शेतं बघितली.

उतरल्यावर खालच्या माणसाला विचारलं, "सात वर्षांच्या मुलीला चढता येईल?" त्याने मान हलवली. एवढ्या लहान मुलांना वर सोडत नाहीत. मी वही काढून 'मनोरा: नापास' लिहिलं. त्याने विचारलं, "तुमची मुलगी बाहेर थांबलीय का?" मी म्हटलं, "नाही, घरी आहे." घर कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

व्यापाऱ्याचं घर मात्र पास झालं. एकामागे एक अशी तीन घरं आहेत, मधे चौक, आणि शेवटी भाज्या लावलेली बाग. त्याला बरीच मुलं होती म्हणून तो मागे मागे घर वाढवत गेला, असं तिथली बाई म्हणाली. मुलं वाढली म्हणून घर वाढवणारा माणूस मला त्या दिवशी फार श्रीमंत वाटला.

बूट

काळा मठ नावाचं एक जुनं चर्च कॅथीड्रलपासून जवळ आहे. तिकीट नाही, दार उघडं. आत अंधार, आणि एका भिंतीभर रंगीत काचांची खिडकी, लाल-निळा उजेड फरशीवर सांडलेला. कुणी नव्हतं. मी बाकावर बसले आणि मला एकदम रडू आलं. एकोणीस महिन्यांत असं रडले नव्हते. फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत, शेजारी ऐकतील म्हणून राहूनच गेलं होतं.

डोळे पुसून बाहेर आले तर माझे बूट गायब.

तोपर्यंत मी बूट काढलेत हेच माझ्या लक्षात नव्हतं. उंबरा दिसला, आत देव आहे असं वाटलं, आणि पायांनी आपलं काम आपोआप केलं होतं. बुटांच्या जागी आता ओली फरशी होती. मी मोज्यांवर उभी. तेवढ्यात हातात सॅनिटायझरची बाटली आणि फडकं घेतलेले एक म्हातारे गृहस्थ बाजूच्या दारातून आले. डेनिस त्यांचं नाव. प्रत्येक माणूस उठून गेला की बाक पुसायची सेवा ते करत होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"अच्छा, तुमचे होते होय," ते म्हणाले. "दारात रिकामे बूट दिसले. मला वाटलं, कुणीतरी सरळ स्वर्गातच गेलं. म्हणून प्रेसमध्ये ठेवून दिले."

प्रेस म्हणजे इकडे कपाट. कपाटात मेणबत्त्यांच्या खोक्यांशेजारी माझे बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले होते, वर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. मी हसले, ते हसले. देवाच्या दारात आम्ही पायताण काढतो, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "चांगली पद्धत आहे. पण इथली फरशी बघता न्यूमोनिया होईल."

मी बूट घालेपर्यंत ते बोलत राहिले. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात, नातू तिथेच जन्मलेला, त्यांनी अजून हातात घेतलेला नाही. मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "कॅसल केलंत का?"

कुणास ठाऊक का, मी त्यांना सगळं सांगितलं. मातीचा किल्ला, शप्पथ, छत्रीसुद्धा. ते फडक्याची घडी करत ऐकत होते.

"मग नका जाऊ आत," ते म्हणाले. "तो काही कुठे पळून जात नाही."

केल्स

दुपारी नोरा मला गाडीने केल्सला घेऊन गेली. दोघी मास्क लावून, चारही काचा खाली, मी मागच्या सीटवर. केल्स गावाबाहेर एका मोठ्या मठाचे अवशेष आहेत. "तुला शांतता आवडते, तर तिथे जा," नोरा म्हणाली होती. मला शांतता आवडते असं तिला का वाटलं देव जाणे. दोन तासांनी येते म्हणून ती परत गेली.

तिथे तिकीट नाही, दरवाजा नाही, माणूस नाही. कुरणातून उतरत गेलं की समोर दगडी तटबंदी, मधे मधे चौकोनी उंच बुरूज, शेजारून छोटी नदी. आपल्याकडचा एखादा भुईकोटच, फक्त आत मेंढ्या. मी कमानीतून आत गेले, भिंतींवरून हात फिरवला, एका बुरुजात शिरून आभाळाचा चौकोन पाहिला. मनवा इथे वेडी होईल असं वाटलं. वहीत पास लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग कुरणाच्या कडेची पाटी वाचली. हा मठ असला तरी त्याच्या बुरुजांमुळे लोक त्याला 'सात किल्ले' म्हणतात, असं तिथे लिहिलं होतं.

मी तिथेच गवतात बसले. दोन दिवस एका किल्ल्यापासून तोंड लपवत होते आणि न कळत सात किल्ल्यांत जाऊन बसले होते! हसू येत होतं, पण अपराधीही वाटत होतं. वचन म्हणजे वचन. कबूल करून टाकावं म्हणून पुण्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

फोन सचिनने घेतला. माझी गंमत त्याने ऐकून घेतली, पण तो हसला नाही.

"ऐक ना," तो म्हणाला. "तुला सांगणारच होतो. व्हिसाचं पुन्हा सुरू झालंय, कागद द्यायचेत. पण मनवा नाही म्हणतेय."

"कशाला नाही?"

"यायला. आजीला सोडून नाही येणार म्हणते. मैत्रिणी आहेत, कथकचा क्लास आहे. मी काय जबरदस्तीने आणू का तिला? तूच बोल."

मग मनवा आली. केस कापले होते, पुढचे दोन दात नवे आले होते. मी मेंढ्या दाखवल्या, बुरूज दाखवले. सांगितलं, "मनू, माझ्याकडून चूक झाली. मी तुझ्या आधी किल्ल्यात गेले. पण तो दुसरा किल्ला आहे. तो मोठा, फोटोतला, तो नाही बघितला हं. तुझ्यापुढे शप्पथ घेतलीय ना."

तिला आठवायला वेळ लागला. मग ती समजुतीने म्हणाली, "अगं आई, ते मी लहान होते तेव्हाचं. तू बघ की."

मी बरं म्हटलं. ती गेली. सचिन म्हणाला, "रडू नकोस, लगेच काही ठरवत नाहीये आपण." पण मी रडत नव्हते. मी त्या मेंढ्यांकडे बघत बसले होते. दीड वर्षापासून मी दोराचं एक टोक घट्ट धरून होते, आणि पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतंच. नोरा आली तेव्हा मी तिथेच होते. तिने माझा चेहरा पाहिला आणि गाडीचं दार उघडून धरलं. घरी आल्यावर सूप करून दिलं आणि लांबच्या खुर्चीवर बसून राहिली. एकोणीस महिन्यांनी मी कुणाच्यातरी समोर बसून जेवले.

तिकिटाची रांग

रविवारी सकाळी मी किल्ल्याचं तिकीट काढलं. मुलीनेच परवानगी दिली होती, मग अडायचं कशाला? छत्री न उघडता पुलावर उभी राहिले आणि किल्ला डोळे भरून पाहिला. करड्या दगडाचा, जाड गोल बुरुजांचा, खिडक्याच खिडक्या असलेला. डोंगर खरंच नाही. आपल्या किल्ल्यांपुढे तो किल्ल्यापेक्षा राजवाडाच वाटतो.

दारात वेळेप्रमाणे सोडत होते. माझा नंबर आला. मास्कवरून नुसते हसरे डोळे दिसणाऱ्या मुलीने यादी पाहून विचारलं, "जस्ट युवरसेल्फ?"

हो म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "नाही. अजून एक जण यायचीय."

"नो बॉदर," ती म्हणाली. "बाजूला थांबा. ती आली की दोघींना सोडते."

मी बाजूला झाले. समोरच्या हिरवळीवरच्या बाकावर बसले. माझ्या मागचे आत गेले, त्यांच्या मागचे गेले. मुली बापाच्या खांद्यावर बसून चालल्या होत्या, एकीचं आईस्क्रीम गवतात पडलं. ती दारातली पोर मधून मधून माझ्याकडे बघायची, मी घड्याळाकडे बघून मान हलवायचे. माझी वेळ टळून गेली. शेवटी मीच उठून गेले आणि सांगितलं, "आज काही तिला जमत नाहीये."

"ग्रँड," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी या."

मनवाने तिची बाजू सोडली होती. मी माझी सोडली नव्हती. हा शहाणपणा होता की खुळेपणा, ते मला त्या बाकावर कळलं नाही. पण दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास नीट आला.

निघताना नोराच्या परसात वाफा खणून ठेवलेला दिसला. काळी, चिकट, मुठीत धरली की तशीच राहणारी माती. मी विचारलं, "थोडी घेऊ का?"

"माती?" नोरा म्हणाली. "कशाला?"

"किल्ला करायला."

तिने क्षणभर मला निरखलं. मग आईस्क्रीमचे दोन मोठे रिकामे डबे आणून स्वतःच दाबून भरले. "ने. माझ्याकडे ढीग आहे." एका डब्यावर तिने फॉइलमध्ये गुंडाळलेला ब्राऊन ब्रेड ठेवला. मी चटणीची डबी तिच्याकडेच राहू दिली.

सँडीफोर्ड

दिवाळीत मी बाल्कनीत किल्ला केला. आधी दुकानातलं कंपोस्ट आणलं होतं, पण तो नुसता भुसा, पाणी घातलं की बसतो. वरचा सगळा किल्ला नोराच्या मातीचा. मावळे नव्हते म्हणून बुद्धिबळातली प्यादी उभी केली. पुण्याला व्हिडिओ लावला. सचिनला म्हटलं होतं, मनवाला बोलवू नकोस, तिला यायचं असेल तर येईल. सासूबाईंशी फराळाचं बोलत होते. तेवढ्यात पडद्याच्या कडेला अर्धं डोकं दिसलं.

"हे काय केलंयस?"

"किल्ला."

"पायऱ्या कुठायत?"

"राहिल्यात."

पूर्ण डोकं आलं. आजीच्या हातातून फोन गेला, चित्र हललं, आणि मनवाचा चेहरा इतका जवळ आला की फक्त डोळे आणि नाक दिसत होतं. "फोन खाली धर. अजून खाली. आई, तो बुरूज वाकडा आहे. आणि खंदक दाराच्या मागे असतो का कधी?"

मी बुरूज सरळ करायला हात पुढे केला.

"थांब! हात नको लावूस, तू अजून बिघडवशील," ती ओरडली. "तसाच ठेव. मी आल्यावर करते."

सचिन तिच्या मागे उभा होता.  तिने शप्पथ मागितली नाही, तरी मी गळ्याला चिमटीत धरलं.

आता डिसेंबर लागलाय. इकडे रोज वारा आहे, म्हणून किल्ल्यावर प्लास्टिक टाकून चारी बाजूंनी कुंड्या ठेवल्यात. सचिनने कागद दिलेत, उत्तर यायचंय. बुरूज वाकडाच आहे. मी हात लावलेला नाही.